बिगविग

शालिमारच्या क्लासात, दुसऱ्या मजल्यावर,
क्षेमकल्याणी सरांनी फळ्यावर लिहिलं : बिगविग.
म्हणजे बडं प्रस्थ.
ज्याच्या एका फोनवर
नकाशातला रस्ता शेजारच्या गटात सरकतो.
पूर्वी तिकडे साहेबलोक केसांचे टोप घालत,
जेवढा टोप मोठा तेवढा माणूस.
थोडा थट्टेचा शब्द आहे, सर म्हणाले,
पाठीमागे वापरावा, तोंडावर नको.
उद्या वाक्यात उपयोग करून आणा.

मला एकटीलाच हसू आलं.
बाकावर कुणाला ठाऊक नव्हतं
आमचं घर केसांवर चालतं ते.
गंगेवर, रामकुंडाच्या अलीकडे,
वडिलांचा पाट, पितळी वाटी, वस्तरा,
आणि संध्याकाळी गोणीत भरलेली
दिवसभराची डोकी.
टोपाला चालतात का हो हे, मी विचारलं.
छे, आखूड पडतात, वडील म्हणाले.
खत करतात म्हणे. द्राक्षांना घालतात.

सकाळी मालेगाव स्टँडच्या उतारावरून
तीन पांढऱ्या गाड्या आल्या.
गर्दी आपोआप फाकली.
चौकाचौकांत ज्यांचा वाढदिवस
महिनाभर लटकत असतो,
दाट काळा भांग, हात जोडलेले,
तेच धैर्यशीलराव. आईचा दहावा.
पाटावर बसले. इकडे तिकडे पाहिलं.
मग दोन्ही हातांनी, हळूच,
भांग उचलून ड्रायव्हरकडे दिला.

मी डबा घेऊन उभी होते, तशीच राहिले.
वडिलांनी पापणीसुद्धा हलवली नाही.
मान खाली घ्या, म्हणाले,
जसं सगळ्यांना म्हणतात.
कानांमागे, मानेवर
पिकलेलं जे काही उरलं होतं
त्यावरून पाणी फिरवलं, वस्तरा फिरवला,
दुसऱ्या कुणाला लागतो तेवढाच वेळ लावला.
नसलेल्या केसांचासुद्धा.
ड्रायव्हर तळहातावर टोप धरून,
वारा लागू नये म्हणून वाकून,
अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू सांभाळावं तसा.
धैर्यशीलराव रडत होते.
आईसाठीच असावं.

गाड्या गेल्यावर मी तोंड उघडणार,
तोच वडील वाटी विसळत म्हणाले,
गंगेवर पाहिलेलं
गंगेतच सोडायचं असतं, बाई.

रात्री वही काढली.
एक वाक्य लिहिलं, छान जमलं होतं,
खोडलं. वर शाई फिरवली,
उजेडात धरलं तरी दिसू नये इतकी.

सरांनी वही उलटीसुलटी केली.
म्हणाले, अगं बिडवे,
सोपा तर होता शब्द.