पाव फेरा

वास आधी मला आला.
नवले पूल मागे पडला होता, बोगद्याचा चढ लागला होता,
काचा बंद होत्या, तरी आला.
मी म्हटलं, "काहीतरी जळतंय."
हे म्हणाले, "पुढचा ट्रक."
पुढे ट्रक नव्हताच.

मग एक टेंपोवाला डिपर मारत शेजारी आला,
खिडकीतून हात काढून हवेत एक वर्तुळ काढलं,
मागे बोट दाखवलं
आणि निघून गेला.

जांभूळवाडीपाशी कडेला घेतलं.
मागची घरगाडी डावीकडे कललेली,
लग्नाच्या रांगेत ताटकळलेली बाई
एका पायावर भार देते, तशी.
चाकाचा हब निळा पडलेला.
ह्यांनी हात लावला, झटकला,
आणि बोटं तोंडात घालून उभे राहिले,
दहा वर्षांचे.

एकतीस वर्षं चिंचवडला बेअरिंगंच तपासली ह्यांनी.
कानाशी धरून फिरवायचे.
जे बोलतं ते बाद.
निवृत्तीनंतर दोन पावसाळे भोसरीच्या शेडमध्ये
ही गाडी बांधली, पत्रा, प्लायवूड,
दोन बर्थ, शेगडी, माझ्या उंचीचा ओटा.
ओट्याच्या मापासाठी मला तीनदा नेलं,
तिन्ही वेळा चप्पल काढून उभं केलं.
पहिली फेरी गुहागरची ठरली होती.

मुनीर तांबोळी स्कूटरवर जॅक बांधून आला.
टोपी काढली, पिन उपटली,
नट सुटेना तेव्हा पान्याला पाइप लावून लोंबकळला.
आतून रोलर निघाले, खरपूस शेंगदाण्यांसारखे,
काही अर्धेच.
"काका, नट कुणी आवळला?"
हे बोगद्याकडे बघत राहिले.
"आवळायचा, मग पाव फेरा उलटा सोडायचा.
जरा ढिलाई लागते आत.
नाहीतर ग्रीस कितीही भरा, जळणारच."
तो चाकाबद्दल बोलत होता.
मी आत ओट्यावर आलं ठेचत होते.
बराच वेळ ठेचत होते.

गाडी सोडून हे हलेनात,
म्हणून नाना पेठेत मी गेले,
जळकं बेअरिंग जेवणाच्या डब्यात, मांडीवर.
रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कसला वास येतोय.
दुकानातल्या पोराने ते उलटंपालटं केलं.
"नंबर उडालाय आजी. चाक आणा."
"तीस दोनशे पाच," मी म्हटलं, "आणि सीलही दे."
त्याने व्हर्नियर लावला, मग माझ्याकडे पाहिलं,
आणि आजीचं मॅडम केलं.
एकतीस वर्षांच्या जेवणांत
मीठ कमी आहे हे कधी ऐकलं नाही,
पण नंबर सगळे ऐकले.

परतले तोवर दिवे लागले होते.
मुनीर तळहातावर ग्रीस घेऊन
बेअरिंग त्यात दाबत होता, पलीकडून ग्रीस डोकावेपर्यंत.
"शेवटचा नट मी लावू का?" ह्यांनी विचारलं.
विचारलं. ह्यांनी.
आवळला, चाक फिरवलं, कान लावला.
पाव फेरा सोडला.
मग आणखी जरासा.
"बास काका, चाक पडेल!"
आम्ही तिघंही हसलो, हे सगळ्यात शेवटी.

रात्री घाट नको म्हणून
गॅरेजच्या दारातच झोपलो.
ट्रक गेला की ओट्यावरच्या कपबशा बोलायच्या.
हे तीनदा उठून बाहेर गेले,
उभ्या चाकाच्या हबवर हात ठेवून आले,
लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.
उभ्या चाकाला कसला ताप,
हे मी म्हटलं नाही.
बर्थही चार बोटं आखूड आहे, माझे पाय बाहेर राहतात,
तेही नाही म्हटलं.
गुहागरला पोचल्यावर बघू.