पेंडीच्या पोत्यामागं

पहाटे चारला बल्ब लावला
तर पेंडीच्या पोत्यामागं दोन डोळे.
हलू नकोस, म्हणाले.
मी हलले नाही.
चांदी म्हैस मात्र हलली,
शेपटीनं कानाखाली एक दिली
आणि चरवी हातातच राहिली.

चार होती.
एक करडं, दोन काळी-पांढरी,
चौथ्याला अजून रंग ठरवायचा होता,
शेवटच्या थानाला ते चिकटलेलं
ओल्या शेणीसारखं.

हे म्हणाले, "पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो."
म्हणाले, आणि पोतं शोधायला लागले.
वडणग्यात घरटी दहा पोती,
पण यांना दुपारपर्यंत एक सापडलं नाही.
मी त्याच्यावर बसून वैरण निवडत होते.

डोळे उघडायला नऊ दिवस.
सोसायटीच्या कार्डावर, फॅटच्या रकान्याशेजारी,
मी पेन्सिलीनं रोज एक रेघ मारली.
"काकी, ह्या रेघा कसल्या?" सचिवानं विचारलं.
"हिशेब हाय," म्हटलं.

या गोठ्यात सगळ्या आयांचा हिशेब असतो.
रेडकाला एक सड, सोसायटीला तीन.
सहा-आठ फॅट, नऊ एसएनएफ.
पोत्यामागचं तेवढं कुणाच्या मापात नाही,
नुसता चुकूचुकू आवाज
आणि तिचे अर्धे मिटलेले डोळे.

मांजर सात घरं फिरवते म्हणतात.
पोतं झालं. मग गव्हाण.
तिथं मोरीनं हुंगून फुर्र केलं,
पिल्लू शिंकलं, घर मोडलं.
मग माळ्यावरचं पिंजर, मग फवारणीच्या पंपाचं खोकं,
मग फुटक्या कॅनमागची ती जागा
जिथं मीही कधी हात घातला नाही.

माळ्याची शिडी अकरा पायऱ्यांची.
एकेकाची मान तोंडात धरून ती चढली.
तोंड भरलेलं, ओरडायची सोय नाही,
आणि पिल्लू हातपाय सोडून असं लोंबत होतं
जणू दात नावाची गोष्ट जगात नाहीच.

चौथं नेल्यावरही ती एकदा परत आली.
रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून बघून गेली.
तिला मोजता येत नसावं.
किंवा येत असावं, माझ्यापेक्षा बरं.

थोरल्याचा फोन आला, कागलहून, रात्रपाळीतून.
"आई, काय करालीस?"
"मांजर बघालोय."
मशीनच्या घरघरीत तो हसला.
जेवलास का, ते विचारायचं राहूनच गेलं.

ऊसतोड लागली त्या आठवड्यात
पत्र्यावरून बोका आला.
सकाळी तीन होती.

दोन दिवस ती हाका मारत फिरली.
बारीक, घशातल्या घशात,
पातेल्याला आधण यायच्या आधी येतो तो आवाज.
मी धार काढत होते.
कळशीभर धारेनं तो झाकला नाही.
चांदीनंसुद्धा रवंथ थांबवून कान फिरवले,
मग परत चघळायला लागली.

तिसऱ्या दिवशी तिनं उंदीर आणला, जिता.
तिघांपुढं ठेवला, आणि मागं सरून बसली.
पुढचं बघायला मी थांबले नाही.
थांबले, खरं सांगायचं तर.

काल करडं प्यायला गेलं
तर तिनं पंजा मारला, नखं आत ठेवून.
ते परत गेलं.
या खेपेला नखं थोडी बाहेर.
मग ती उठून कॅनवर जाऊन बसली,
पाठ करून, शेपूट पायांभोवती गुंडाळून,
एक कान मात्र मागं वळलेला.

मी चरवीतलं थोडं फुटक्या बशीत ओतलं.
करड्यानं आधी त्यात पाय घातला,
झटकला, चाटला,
आणि मग पाय कशाला ते विसरलं.

आज फॅट तेवढीच लागली,
दूध पावशेर कमी.
सचिवानं लिहून घेतलं.
काही विचारलं नाही.