इतिवृत्तात न आलेलं

बाक उलटं होतं.
नदीकडे पाठ, आणि तोंड
बंद पडलेल्या बँकेच्या भिंतीकडे.
कुणी बसवलं तसं, कधी, आठवत नाही कुणाला.
हॅरल्ड पिमलॉट म्हणतो, पूर आला त्या वर्षी
कंत्राटदाराला घाई होती.
हॅरल्डच्या गोष्टींत सगळ्यांनाच घाई असते.

ऑस्विकमध्ये बघण्यासारखं फार नाही.
एक पूल, दोन पब, आणि चर्चचं घड्याळ,
जे सात मिनिटं मागे आहे
आणि ज्यावर अख्खं गाव आपापलं घड्याळ लावतं.
मोठा रस्ता आम्हाला वळसा घालून गेला
त्याला बत्तीस वर्षं झाली.

तर, समिती.
सहा माणसं, वाचनालयाची मागची खोली,
महिन्याचा दुसरा मंगळवार, चहा ज्याचा त्याने.
मी चिटणीस. म्हणजे बाकीचे बोलतात,
मी लिहिते.
टांगत्या कुंड्या झाल्या, फोनच्या खोक्यात पुस्तकं झाली,
पुलाचे कठडे रंगवून झाले:
हिरवा की काळा, यावर तीन बैठका.
हिरवा ठरला. ब्रेंडा क्रॅडक दोन महिने
पुलावरून मान वळवून चालली.

बाकाचा विषय निघाला तेव्हा वाटलं, चार बोल्ट.
पण बाक कौन्सिलचं, जमीन नदीखात्याची,
आणि बोल्ट
(यावर एकोणीस पत्रं)
बोल्ट कुणाचेच नाहीत.

चौदा महिने.
मग एप्रिलातल्या एका शनिवारी, पहाटे साडेपाचला,
गॅरेजवाला व्होइटेक ग्राइंडर घेऊन आला.
हॅरल्डने टॉर्च धरला, उजाडलेलं असूनही.
ठिणग्या उडाल्या, बदकं ओरडली,
वरच्या खिडकीतून कुणीतरी शिवी हासडली, मग ओळखून
"जरा डावीकडे" असंही म्हणालं.
ब्रेंडाने फ्लास्क आणला होता,
आणि कोटाच्या खिशात एक छोटा डबा.
चारही नवे बोल्ट तिने गुडघ्यांवर बसून रंगवले.
काळे.
यातलं काही इतिवृत्तात नाही.

दहा वाजता आयव्ही लँग्रिश आली.
ती रोज येते, शहाऐंशी वर्षांची, दहा ते अकरा.
आम्ही वाचनालयाच्या काचेमागे ओळीने उभे,
शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्याआड असतात तसे.
ती थांबली.
बाकाभोवती एक फेरी घातली.
बसली. नदी वाहत होती, ऊन होतं,
आम्ही ठरवलं होतं त्याहून जास्तच सुंदर.

मी गेले बाहेर. कसं वाटतं, विचारलं.
म्हणाली, "वारा आहे."
मग बऱ्याच वेळाने,
"अख्खी भिंत पाठ झाली होती गं,
वीट न् वीट,
आणि आता तिच्याकडेच पाठ."

तेव्हा आठवलं.
दोन नंबरची खिडकी. एकतीस वर्षं.
माझं पहिलं पासबुक तिनेच भरलं होतं,
निळ्या शाईत, सात हा आकडा मधे आडवी रेघ देऊन.
भिंतीवर बँकेची अक्षरं काढून नेल्याच्या खुणा
अजून फिक्या दिसतात.
सहा माणसं, चौदा महिने, एकोणीस पत्रं.
तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आडवी बसली,
एक खांदा नदीला, एक खांदा बँकेला.
तशी बसायची पद्धतच पडलीय आता. बाहेरची माणसं फोटो काढतात,
आणि आमच्यापैकी कुणीतरी हटकून
शेजारी जाऊन उभं राहतं, सहज आल्यासारखं,
कुणी विचारलंच तर सांगायला.

सप्टेंबरात पत्र आलं. बाक फिरवण्यास परवानगी,
बोल्टचा रंग कठड्यांशी जुळण्याच्या अटीवर.
ब्रेंडा म्हणाली, हा विषय पुढच्या बैठकीत.

विषय क्रमांक पाच:
दुसरं बाक. पहिल्याच्या मागे.
तोंड भिंतीकडे.
हॅरल्ड म्हणाला, त्यात काय, चार बोल्ट.
कुणी हसलं नाही.
हे मात्र मी लिहून ठेवलं.