पोंगा उलगडताना

यावलच्या पुढे, केळीची बाग, रात्री पावणेदोन.
नखाएवढा माइक खोडाला सुतळीने बांधलाय.
पोंगा उलगडतो, त्याचा आवाज हवाय मला.

गेन वीसवर : काही नाही.
तीसवर : लांब कुणी ज्वारी पाखडतंय.
चाळीसवर कळलं, पाखडणं माइकचंच,
त्याच्या पोटातलं, नुसतं बसल्या बसल्याचं.
मी कान मोठा करतो
तसा तो स्वतःलाच ऐकवतो.

दोनला थ्री फेज आली. मोटर धडाडली,
आकडे थेट छताला.
छत म्हणजे शून्य. त्याच्या वर इथे जागाच नसते.
लाटांची डोकी सपाट, विळ्याने छाटल्यासारखी;
ती आता गेन उतरवून परत येत नाहीत.

जुम्मा तडवी पाणी भरायला आला,
पायजमा गुडघ्यावर, बॅटरी काखेत.
"काय आयकून राह्यला भो?"
आधीचं लावून हेडफोन दिले.
ऐकत राहिला. मग हसला,
"हे तं तुह्या डब्ब्याचीच सर्दी हाये.
पान तठी वर. अठून काय आयकशीन?"

घडाला टेकू दिलेला एक बांबू त्याने बदलला,
जुन्याच्या शेंड्याला माइक बांधून
पोंग्यापाशी नेला, दोन बोटांवर.

साडेचारला वीज गेली. मोटर निवली.
गेन बारा.
ओल्या धोतराची घडी सुटावी
तसं काहीतरी, दीड सेकंद.
मागे सर्दी होतीच, थोडी.
पुसता आली असती.

फाइलला नाव दिलं : जुम्मा बारा.