दाण्याचं माप

हेक्समच्या बोलिंग क्लबात, कुंपणाला टेकलेल्या शेडमध्ये
नॉर्मन थर्लवेलनं मे महिन्यात एक पोतं आणलं.
स्वस्तातलं, फुटबॉलच्या मैदानाचं.
"खत ते खत," म्हणाला.
मी पोत्यात हात घातला.
साबुदाणा.
आपल्याला हवी होती खसखस,
फार तर राजगिरा.

पण मला लागून पाचच आठवडे झालेले,
आणि माझे शब्दही तेव्हा जाड्या दाण्याचे.
वरच बसायचे, आत उतरायचे नाहीत.
गप्प राहिले.

हे गवत पाच मिलिमीटरवर कापतात.
म्हणजे काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं.
त्यात साबुदाणा बुडत नाही.
बसतो पाहुण्यासारखा,
चपला न काढता.

नॉर्मननं गाडा ढकलला, तबकडी गरगरली.
मोठे दाणे लांब उडाले, पार कडेच्या चरापर्यंत,
भुकटी त्याच्याच बुटांवर,
आणि मधले कुठे पडले ते मधल्यांनाच ठाऊक.

दोन दिवसांनी यंत्र फिरवून पेटी उपडी केली,
तर कापलेल्या गवतात निम्मं खत,
रंगसुद्धा न उतरलेलं.
आपणच वाढायचं
आणि जेवणाऱ्यानं घास घ्यायच्या आत
आपणच ताट उचलायचं.
जे रुतले, त्यांच्या जागी जूनमध्ये
गर्द ठिपके उमटले. हिरवळीला गोवर आला.
ठिपक्यांमधलं गवत उपाशी, फिक्कं.
शनिवारी कॉर्ब्रिजची म्हातारी मंडळी सामन्याला आली.
त्यांचा गोळा ठिपक्यावर रेंगाळला की
नॉर्मन चरात काहीतरी हरवल्यासारखा बघायचा.

मिरजेत रव्याच्या मिलमध्ये मी अकरा वर्षं काढली.
एकीखाली एक अशा सात चाळण्या, तळाला बंद थाळी.
पाच मिनिटं हलवायच्या,
मग कुठल्या चाळणीवर काय उरलं त्याचं वजन.
मालक म्हणायचे, बाई, चव मागाहून, आधी दाणा.
हे इंग्रजीत कसं सांगतात
कोण जाणे.
सोमवारी घरून दोन चाळण्या आणि मोहरी तोलायचा काटा नेला.

मुरंब्याच्या बरणीची दोन झाकणं.
एकात त्याचे दाणे, दहा.
दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचे निम्म्या जाडीचे.
मोज, म्हटलं.
तो ओठ हलवत मोजत राहिला, चहा गार झाला.
ऐंशी.
वजन तेच, पैसा जवळपास तोच,
तोंडं आठपट.

मग मी पोतं हादरवून दाखवलं,
बारीक तळाशी गेलं, जाडं वर आलं.
"म्यूस्ली," नॉर्मन म्हणाला.
दर सकाळी वाडग्यात शेंगदाणे आधी पडतात
आणि तळाचा भुसा बायकोच्या वाट्याला येतो,
एवढं बोलून तो बराच वेळ थांबला.

फार बारीकही नको म्हणा.
भुकटी वाऱ्यावर जाते,
ओल्या पात्याला चिकटली तर पातं जळतं.
खसखशीपर्यंत जावं, पिठापर्यंत नाही.
हे मात्र मी न अडखळता बोलले.

नवं पोतं महाग. खजिनदार बाईंनी दोनदा चष्मा पुसला.
जुलैत टाकलं, वरून पाण्याचा एक हलका हात,
आणि सकाळी दाणा दिसेना कुठे.
नॉर्मनला तेच खुपतं.
"पूर्वी निदान टाकलेलं दिसायचं," कुरकुरतो.
त्याचंही खरं आहे.
पंधरा दिवस काहीच घडत नाही,
मग एक दिवस लक्षात येतं की
कुठे बघायचं तेच कळत नाही, सगळीकडे सारखं.

ऑक्टोबरात चर साफ करताना
त्याला एक जुना दाणा सापडला.
तळहातावर धरून मला दाखवला.
"सॅबूडाना."
उच्चार मी सुधारला नाही.
त्यानं तो फेकला,
मग वाकून, गुडघा धरत, पुन्हा उचलला
आणि कोटाच्या खिशात टाकला.