खाल्लेली थाप

कोसंबी फाट्यावर माझं दुकान.
झेरॉक्स, पीक विम्याचे फॉर्म, पासपोर्ट फोटो,
आणि पाटीवर न लिहिलेलं एक काम:
लोकांचे जुने व्हिडिओ शोधून, लावून दाखवणं.

कवडूजी सहारे आले भर दुपारी,
भाचीच्या सायकलवर मागं बसून.
उजवा हात पोटाशी,
परक्याचं लेकरू धरावं तसा.
डाव्यानं खिशातून मेमरी कार्ड काढलं,
पॉलिथिनात तीनदा गुंडाळलेलं.
"दंडारीचं हाये. मंडईच्या रातचं.
माहा हात पाह्याचा हाये."

लावलं.
पिवळा बल्ब, भोवती चिलटं, मांडीवर ढोलकी.
हात वर गेला
आणि वरच राहिला.
थाप ऐकू आली. हात वरच.
दुसरी, तिसरी. नाच्या गिरकी घेऊन बसलासुद्धा,
लोक हसून मोकळे झाले,
तेव्हा कुठं हात चार तुकड्यांत
खाली आला.

"लकव्याच्या आधीच असा होता का गा माहा हात?"
कवडूजींनी विचारलं.
मोनाली हसली नाही. मीही नाही.

पाहिलं तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर.
एकटाच. चित्र तोच उलगडतो, रंग तोच भरतो,
आवाज जुळवतो, वर माझं विम्याचं पान उघडं, तेही धरतो.
गावजेवणात एकच वाढपी असावा,
भात त्याच्याच हातात, वरणही, पाण्याचा जगही,
आणि शेवटच्या पानावरचा माणूस ओरडतोय.
पंखा तर गिरणीसारखा घुमत होता.

मग आठवलं, गेल्या दिवाळीत
नागपूरहून ग्राफिक्स कार्ड आणलं होतं,
जुनंच, बाराशेचं.
ज्या पोरानं बसवलं त्यानं फक्त बसवलं.
डबा उघडला.
कार्डावर एक कोळी घर करून होता.
मॉनिटरची वायर अजून जुन्याच भोकात.
म्हणजे वर्षभर
याच कामाचा धडधाकट माणूस ओसरीवर बसून,
आणि घरातल्या कोणीच त्याला म्हटलं नाही
ये बाबा, हे धर जरा.

वायर हलवली.
ड्रायव्हर उतरवायला मोबाईलचं नेट,
फोन खिडकीच्या गजाला सुतळीनं टांगला, टॉवर तिथंच येतो.
साठ टक्क्यांवर लाईन गेली.
पुन्हा पहिल्यापासून.
कवडूजी बशीनं चहा प्यायले, दोनदा,
डाव्या हातानं, न सांडता.

सेटिंगच्या तळाशी एक रिकामा चौकोन होता.
हार्डवेअर ॲक्सिलरेशन.
टिचकी मारली.

हात वर गेला, खाली आला.
एवढंच.
पण वर आणि खाली यांच्यामधला
सगळा रस्ता दिसला:
बोटं उघडताना, अंगठ्याची कड,
शाईवर पंजा सरकताना उमटलेली घामाची ओल.
प्रोसेसर नऊ टक्क्यांवर.
पंखा इतका गप्प झाला
की बाहेरच्या मोहावरचे पोपट ऐकू आले.

कवडूजी पडद्याला नाक लावून बसले.
"थांबव. मागं घे. अजून मागं.
हे पाहा. इथं मी चुकलो.
एक थाप खाल्ली!
बारा वर्सं झाली, कोनाले समजलं नाही. मलेबी."
आणि असे खूश झाले
की जणू हरवलेली बकरी सापडली.

मोनालीची बोटं टेबलाच्या कडेवर केव्हाच चालू होती.
तिनंही तीच थाप खाल्ली, नेमकी त्याच जागी.
"हे नोको शिकू," ते म्हणाले.
थोडं थांबून,
"नाही, शिक. पन जानून खाय."

पैसे विचारले. मी वीस म्हटलं.
त्यांनी दहाची नोट ठेवली.
"अर्धी चूक तुह्या मशीनची होती."

मी दहाच घेतले.
कार्ड आता गरम असतं.
कोळी प्रिंटरमध्ये राहायला गेला,
कालपासून प्रत्येक सातबाऱ्यावर
एक बारीक रेघ येते.