आढळले नाही

सातपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत खिडकी उघडत नाही.
बाहेर आयटीआय सिग्नलचे हॉर्न, आत मिथेनॉलचा वास,
आणि टेबलावर सुरगाण्याच्या एसटीने आलेल्या दोन पिशव्या.
नागली दोन किलो, शेंगदाणे पाच.
अर्जावर निळ्या शाईत: सोमीबाई भोये.
कशासाठी? अंगणवाडीचे लाडू.

दाणे ट्रेमध्ये ओतायचे. ढीग. ढीग चपटा.
पट्टीने चार भाग. समोरासमोरचे दोन ठेवायचे,
उरलेले दोन बाजूला.
पुन्हा ढीग.
ओजस नवा आहे, त्याला कंटाळा येतो.
म्हणतो, मॅडम, शितावरून भाताची परीक्षा नाही का होत?

नाही होत.
भात एका आचेवर शिजतो, शितं एकमेकांसारखी असतात.
बुरशी तशी नसते. हजारो दाणे निर्मळ,
आणि त्यांच्यात एकच,
सालाआड काळवंडलेला,
पोत्याभर पुरेल एवढा.
म्हणून सगळं दळायचं. दळून एकजीव करायचं.
गुन्हेगार सापडावा म्हणून
आधी गर्दीत विरघळवायचा.

आणि अब्जात एक म्हणजे किती?
मी सांगते, बत्तीस वर्षांतला एक सेकंद.
मी बत्तीसचीच आहे.
कोणता सेकंद, ते तो विचारत नाही. बरं.

अर्क कॉलममधून उतरतो, सेकंदाला एक थेंब.
घाई केली तर विष निसटून जातं,
म्हणून मी हात मागे बांधून उभी राहते,
दूध ऊतू जाऊ नये म्हणून उभं राहावं तशी.
अंधाऱ्या कपाटातल्या दिव्याखाली
नळीच्या तळाशी निळं उजळतं.
सुंदर असतं ते. हे कुणाला सांगत नाही.

नागली: आढळले नाही.
आम्ही "नाही" असं कधी लिहीत नाही.
आमच्या यंत्राला दिसलं नाही, एवढंच लिहितो.
शेंगदाणे: एकतीस.
मर्यादा पंधरा.

फोन मीच केला. पलीकडे कोंबड्या, गिरणीचा पट्टा.
"भाजले तर?"
नाही जात.
"धुतले तर?"
नाही, मावशी.
"कोणता दाणा होता?"
मी पीठ झालेल्या डब्याकडे पाहिलं.
तो आता सांगता येत नाही. दळला गेला सगळ्यांबरोबर.
थोडा वेळ फक्त पट्ट्याचा आवाज.
"सहा घरचे दाणे होते ते.
सहा जणींनी आपापले आणून
एका पोत्यात ओतले होते.
मंग कोणाच्या घरचा, तेही नाही कळणार?"
नाही.
"बरं झालं पोरी, दळलं ते."

फोन ठेवून मी तसाच हातमोजा घालून बसले.
उरलेल्या पिठावर ब्लीच ओतलं, डोळे चुरचुरले.
एक राखीव पाकीट नियमाप्रमाणे कपाटात ठेवायचं असतं,
अख्खे, न दळलेले दाणे, अडीचशे ग्रॅम.
दिवा शेजारीच होता.
एकेक दाणा धरता आला असता त्याखाली.
मी पाकिटाला लाख लावली,
तारीख घातली.

घरी डब्यात शेंगदाण्याची चटणी.
पुष्करने विचारलं, खात का नाहीस?
म्हटलं, आज नको.
आणि मग खाल्ली. काय करणार.

महिन्याने पिशवी पुन्हा आली. एकच.
वर कागद, तीच निळी शाई:
सहा घरचे. या वेळी एकाच ओट्यावर बसून निवडले.
सुरकुतलेले, काळे, फुटके काढून चुलीत टाकले,
कोणी कोणाच्या सुपात पाहिलं नाही.

ढीग. चपटा. चार भाग.
ओजस आता न सांगता करतो.
कॉलममधून थेंब उतरतोय,
सेकंदाला एक.
आकडा यायला अजून अवकाश आहे.